नव्या लॅपटॉपचे पहिले प्रश्न

नवा लॅपटॉप खोक्यातून काढून प्रथम सुरू केला की कामाला लागण्यापूर्वी तो मालकाला काही प्रश्न विचारतो. आपण कोणत्या देशात आहात? भाषा कोणती? कळफलक कोणता? कालविभाग कोणता? बहुतेक जण उत्तरे न वाचताच पुढे जाण्याचे बटण दाबत राहतात, कारण यंत्राने आधीच काहीतरी निवडून ठेवलेले असते आणि ते चालून जाते. सरकारी कचेरीत तर ही प्रश्नोत्तरे पुरवठादाराचा तंत्रज्ञ परस्पर उरकतो. यंत्र मेजावर येते तेव्हा ते बोलू लागलेले असते; कोणत्या भाषेत बोलायचे, हे मात्र तिसऱ्याच कोणीतरी ठरवलेले असते. गेल्या चाळीस वर्षांत भारतातील लक्षावधी शासकीय अभिलेखांचे भवितव्य या पहिल्या तासाने ठरवले आहे. म्हणून या प्रश्नांचा इतिहास एकदा मांडून पाहावा, असे बरेच दिवस मनात होते.

सोप्या प्रश्नापासून आरंभ करू. कालविभागाच्या यादीत 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' अशी एकच ओळ असते. या एका ओळीमागे अर्धशतकाचा वाद आहे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी लागू झाली, पण कलकत्त्याने स्वतःची वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही आणि प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे चालणारी मुंबईची वेळ १९५५ पर्यंत टिकली. आकड्यांचेही तसेच. देश म्हणून भारत निवडला की यंत्र लाख-कोटींच्या हिशेबाने स्वल्पविराम देते. अंकांचे रूप मात्र आंतरराष्ट्रीयच ठेवते, आणि संघराज्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे, कारण संविधानाच्या अनुच्छेद ३४३ने भाषा हिंदी, लिपी देवनागरी, पण अंक भारतीय अंकांच्या आंतरराष्ट्रीय रूपातले, अशी तडजोड करून ठेवली आहे. महाराष्ट्र शासन देवनागरी अंक वापरते, दिल्लीतील मंत्रालये वापरत नाहीत. हे प्रश्न तडीस गेलेले आहेत. भाषा आणि कळफलक यांची गोष्ट निराळी.

आपल्याकडील पहिल्या संगणकांना भाषेचा प्रश्नच पडत नव्हता. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या काळात १९५५-५६ च्या सुमारास इंग्लंडहून एचईसी-२एम हे यंत्र आले. दशकाच्या अखेरीस सोव्हिएत संघाचे उराल आले. ही यंत्रे आकडेमोडीसाठी होती. पंचवार्षिक योजनांच्या आकड्यांना लिपी लागत नाही. पुढे विमा कंपन्यांत आणि रेल्वेत यंत्रे येऊ लागली तेव्हा वाद झाला तो नोकऱ्यांचा. संगणक बसवावा की नाही, कोठे आणि किती, यावर केंद्र सरकारने पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९७२चा. यंत्र माणसाचे काम काढून घेईल का, ही त्या काळातली खरी भीती होती. यंत्र माणसाचे नाव त्याच्या लिपीत लिहू शकेल का, हा प्रश्न अजून कोणाच्या टिपणीत उमटला नव्हता.

तो उमटला, कारण संगणक जिल्ह्यात गेला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र १९७६ साली स्थापन झाले आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात उपग्रहाच्या साह्याने जिल्हा मुख्यालये जोडण्यास त्याने सुरुवात केली. कित्येक जिल्हाधिकारी कार्यालयांत पहिली वातानुकूलित खोली जिल्हाधिकाऱ्याला मिळाली नाही, ती या यंत्राला मिळाली. चपला बाहेर काढून आत जाण्याचा रिवाजही अनेक ठिकाणी होता, आणि त्यात धुळीची भीती किती व आदर किती, हे सांगणे कठीण. पण जिल्ह्याचा कारभार आकड्यांवर थांबत नाही. तेथे खातेदार असतात, निवृत्तिवेतनधारक असतात, मतदार असतात. त्यांची नावे रोमन लिपीत लिहिली की विठ्ठलाचे चार प्रकार होतात आणि कोणता विठ्ठल कोणाचा, हे तलाठ्यालाही सांगता येत नाही.

यावरचा उपाय आश्चर्य वाटावे इतक्या लवकर आणि इतक्या चांगल्या रीतीने शोधला गेला होता. कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांच्यासह एक गट भारतीय लिप्यांसाठी संगणक तयार करत होता. देवनागरीत काम करणारे त्यांचे यंत्र १९८३ साली दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात लोकांनी पाहिले. या कामातून आणि तत्कालीन इलेक्ट्रॉनिकी विभागाच्या समित्यांतून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. पहिली म्हणजे इस्की ही संकेतप्रणाली. तिचे तत्त्व असे की ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांत 'क' हा वर्ण एकच आहे, त्याची चित्रे तेवढी निराळी आहेत. म्हणून यंत्राने 'क'साठी एकच क्रमांक साठवावा आणि दाखवताना तो देवनागरीत, कन्नडात किंवा बंगालीत दाखवावा. दुसरी गोष्ट म्हणजे १९८६ साली निश्चित झालेला इन्स्क्रिप्ट कळफलक. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला. इंग्रजी के या कळेवर क, शिफ्टसह ख. आय या कळेवर ग, शिफ्टसह घ. अमदावादेत गुजराती टंकलेखन शिकलेला कारकून हुबळीला गेला तर तीच बोटे त्याच कळांवर कन्नड उमटवतील.

अखिल भारतीय सेवेतल्या माणसाला या कल्पनेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. प्रशासनाची एकात्मता म्हणजे केवळ समान नियमपुस्तिका नव्हे, हे ज्यांना समजले होते अशांनी ते केले होते.

हे तत्त्व कागदावरही राहिले नव्हते. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि कानपूरचे हे काम तेथे आले. त्यातून जिस्ट नावाचे कार्ड निघाले. संगणकाचे झाकण उघडून मोकळ्या खाचेत हे कार्ड बसवायचे, की डॉसवर चालणारे वर्डस्टार, लोटस, डीबेस हे इंग्रजीसाठी लिहिलेले कार्यक्रम मराठीत, तेलुगूत, असमियात चालू लागत. कार्यक्रमाला पत्ताच नसे. लिपीचे सगळे काम कार्ड करी. आणि आत साठवली जाणारी माहिती इस्कीच्या प्रमाणित क्रमांकांत असे. नवा संगणक लावणे याचा अर्थ त्या काळी कार्ड बसवणे हाही होता, आणि ज्या कचेऱ्यांनी ते बसवले त्यांचे अभिलेख आजही अर्थासह वाचता येतात. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्कीला राष्ट्रीय मानकाचा दर्जा दिला, आयएस १३१९४ या क्रमांकाने. म्हणजे मानक होते, कळफलक होता, यंत्र होते. एवढी पूर्वतयारी असताना पुढे जे घडले ते म्हणूनच जास्त विचार करण्यासारखे आहे.

घडले ते असे. १९९०च्या दशकाच्या मध्यावर डॉस गेले आणि विंडोज आले. चित्रमय पडद्यावर जिस्ट कार्डाची मात्रा चालेना. विंडोजला त्या वेळी भारतीय लिप्या येत नव्हत्या, पण सुंदर फॉन्ट येत होते. तेव्हा एक तोड निघाली: यंत्राला इंग्रजीच समजू द्यायचे, फक्त इंग्रजी अक्षरांची चित्रे बदलून त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. कागदावर छापून घेण्यापुरते हे उत्तम होते. प्रकाशन व्यवसायाला याने खरोखरच वरदान मिळाले आणि मराठी मुद्रणाची त्या दशकातील भरभराट यावरच झाली. पुण्यातील श्रीलिपी काय किंवा बंगळूरूची आकृती काय, त्यांची कामगिरी नाकारता येत नाही. पण वृत्तपत्राचे पान उद्या रद्दीत जाते, सातबाऱ्याचा उतारा जात नाही. छपाईसाठी काढलेली तोड अभिलेखासाठी वापरली गेली, येथे घोटाळा झाला.

हिंदी प्रदेशात सर्वांत पसरलेल्या कृतिदेव फॉन्टचे उदाहरण घेऊ. त्यात 'भारत' हा शब्द टंकित केला की यंत्राच्या पोटात एच, के, के, जे, आर ही पाच रोमन अक्षरे साठतात. फॉन्ट असेल तोवर पडद्यावर 'भारत' दिसतो. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली की ती पाच अक्षरे जशीच्या तशी समोर येतात. शोध घ्यायचा तर 'भारत' सापडत नाही, कारण तो तेथे नसतोच. अनुक्रम लावण्याची तर आणखी गंमत. या पद्धतीत ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकित होते, जुन्या टंकलेखन यंत्रावर होत असे तशी. त्यामुळे नावांची यादी वर्णानुक्रमे लावायला सांगितली की किसन, विठ्ठल आणि शिवाजी शेजारी येऊन बसतात, कारण तिघांचीही नावे यंत्राच्या लेखी एफ या अक्षराने सुरू होतात. अशा याद्यांवर हजारो माणसांचे निवृत्तिवेतन, शिधा आणि मतदान अवलंबून होते.

येथे कोणी विचारील, की राष्ट्रीय मानक असताना कचेऱ्यांनी हे का स्वीकारले? माझे मत असे की कोणीही ते 'स्वीकारले' नाही. कोणी निर्णयच घेतला नाही. माझ्या पाहण्यातल्या त्या काळातील पुरवठा-आदेशांत प्रक्रियक, स्मृती, तबकडी, पडदा, हमीची वर्षे यांचे तपशील काटेकोर असत. यंत्र कोणत्या संकेतप्रणालीत लिहील याचा रकाना नसे. दरकरारात नसलेली गोष्ट मागण्याचा अधिकार खरेदी शाखेला नाही, दिलेल्या यंत्रावर काम भागवणे हे टंकलेखकाचे कर्तव्य. त्याने शेजारच्या दुकानातून फ्लॉपीवर फॉन्ट आणला आणि भागवले. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. रेमिंग्टन पद्धतीवर त्याची बोटे वीस वर्षे बसली होती, आणि नव्या फॉन्टांनी त्याला तीच मांडणी दिली होती. इन्स्क्रिप्ट शिकण्यासाठी कोणी त्याला पंधरा दिवस कामातून मोकळे केले नव्हते.

दरम्यान जगात युनिकोड आले होते. ऑक्टोबर १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीसह आपल्या नऊ प्रमुख लिप्या होत्या. त्यांची रचना आपल्या इस्कीवरूनच घेतलेली होती, फक्त प्रत्येक लिपीला १२८ घरांचा स्वतंत्र वाडा दिला गेला. म्हणून आजही देवनागरीतल्या 'क'पासून बरोबर १२८ घरे मोजली की बंगाली 'क' येतो, आणखी १२८ मोजली की गुरुमुखी 'क', मग गुजराती, ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड, मलयाळम. कानपूर-दिल्लीच्या त्या समित्यांची सावली जगातल्या प्रत्येक संगणकात आणि भ्रमणध्वनीत अशी पडलेली आहे. एक प्रशासकीय बारकावा मात्र नोंदवण्यासारखा: युनिकोडने आधार घेतला तो इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीचा, आपले मानक अंतिम झाले १९९१ साली, काही बदलांसह. तोवर पलीकडची दारे लागली होती.

विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोड प्रत्यक्ष वापरता येऊ लागले आणि २००१ च्या विंडोज एक्सपीने ते देशभर नेले. नेले म्हणजे, पेटीत घालून नेले; पेटी उघडली गेली नाही. एक्सपीमध्ये भारतीय लिप्या अंतर्भूत होत्या पण सुरू नव्हत्या. त्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये 'रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स' उघडून, दुसऱ्या पानावर जाऊन, 'गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीच्या फाइली' अशा अर्थाच्या वाक्यापुढची चौकट टिचकवावी लागे. थाई लिपीचा तेथे नावानिशी उल्लेख होता, देवनागरीचा नव्हता. चौकट टिचकवली की यंत्र मूळ सीडी मागे. ती सीडी एकतर तंत्रज्ञाबरोबर गेलेली असे, नाहीतर जडसंग्रह नोंदवहीत नोंदून कपाटात कुलूपबंद असे आणि कपाटाची किल्ली रजेवर असे. एका चौकटीपायी कित्येक जिल्हे आणखी सात-आठ वर्षे बनावट इंग्रजीत मराठी-हिंदी लिहीत राहिले. व्हिस्टा आले तेव्हा, २००७ साली, ही चौकट गेली; लिप्या आपोआप सुरू असू लागल्या. पण सरकारी कचेऱ्यांत एक्सपीचे आयुष्य मोठे होते. त्याचा अधिकृत आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, वापर त्यानंतरही चालूच होता.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी, जी परप्रांतातील मराठी माणसाला सुखावेल. एक्सपीबरोबर आलेला देवनागरी फॉन्ट म्हणजे मंगल. केंद्र सरकारची हिंदी परिपत्रके वर्षानुवर्षे ज्या अक्षरांत निघाली, त्या मंगलचे रेखाटन केले ते र. कृ. जोशी यांनी, म्हणजे मराठीतले कवी आणि सुलेखनकार 'रकृ' यांनी. परिपत्रक काढणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

इतर राज्यांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. तमिळ लिपीत महाप्राण वर्ण नाहीत, त्यामुळे इन्स्क्रिप्टवर कितीतरी कळा तिच्या दृष्टीने रिकाम्या. तमिळनाडूने १९९९ मध्ये चेन्नईत परिषद भरवून आपला स्वतंत्र कळफलक आणि स्वतंत्र संकेतप्रणाली ठरवली. पुढे २०१० मध्ये युनिकोड मान्य केले. एका देशाचा एक कळफलक हे स्वप्न येथे संपले, पण तमिळनाडूने जे केले ते विचारपूर्वक केले, आदेश काढून केले, हेही मान्य करावे लागेल. कर्नाटकाने 'भूमी' प्रकल्पात त्याहून पुढचे पाऊल टाकले. १७७ तालुक्यांतील सुमारे ६७ लाख खातेदारांचे जवळजवळ दोन कोटी जमीन-अभिलेख २००० ते २००२ च्या सुमारास संगणकावर कन्नडमध्ये चढवले आणि हस्तलिखित उतारे अवैध ठरवले. तालुका कचेरीतल्या यंत्राला कर्मचाऱ्याच्या बोटाचा ठसा लागे. तेथे यंत्र लावणे ही पुरवठादाराची बाब उरली नाही, ती महसूल खात्याची झाली.

केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक २००९ साली अधिसूचित केले. इस्कीला मानकाचा दर्जा मिळून तेव्हा अठरा वर्षे झाली होती. सरकारला कारखान्यातून येणाऱ्या यंत्राची जुळणी हवी तशी करून घेता येत नव्हती, असे म्हणावे तर २०१३ साली उत्तर प्रदेशात बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना वाटलेले लॅपटॉप आठवतात. ते सुरू करताच पडद्यावर मुलायमसिंह आणि अखिलेश यादव यांची छायाचित्रे येत. निविदेत लिहिले की होते.

मराठीपुरते बोलायचे तर युनिकोड येऊनही एक-दोन काटे राहिले आणि ते नवा लॅपटॉप घेणाऱ्याला आजही टोचतात. हिंदीला 'दर्या' पुरतो, मराठीला 'दऱ्या'ही लागतात. त्या अर्ध्या र साठी इन्स्क्रिप्टवर शिफ्टसह जे ही कळ आहे, पण ती ठाऊक नसल्याने अनेक जण शब्दच बदलतात. दुसरा काटा 'ॲ'चा. हिंदी पद्धतीचा, ए वर चंद्र असलेला वर्ण आरंभापासून होता. मराठीतला अ वर चंद्र असलेला वर्ण युनिकोडमध्ये आला २००८ साली. तोवर लोकांनी अ काढून त्यावर चंद्राची मात्रा दिली. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. वकिलांच्या यादीत 'ॲड.' शोधावे तर अर्धे वकील सापडतात, उरलेले जुन्या पद्धतीत लपलेले असतात.

आज दिल्लीत, इंदुरात किंवा बंगळूरूत नवा लॅपटॉप घेणाऱ्या वाचकाला सीडी शोधावी लागत नाही. विंडोजच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. ती हिंदीहून वेगळी निवडावी, नाहीतर शब्दतपासनीस प्रत्येक मराठी शब्दाखाली तांबडी रेघ ओढतो. इन्स्क्रिप्ट नको असेल त्याला २०१९ पासून रोमन उच्चारांवरून मराठी उमटवणारा कळफलकही मिळतो. अडचण उरते ती मागच्या यंत्राची. कचेरीतला जुना संगणक निर्लेखित होताना त्यातल्या फाइली नव्या यंत्रावर उतरवल्या जातात, फॉन्ट मात्र मागे राहतात आणि भंगारात जातात. त्यानंतर ती फाइल म्हणजे रोमन अक्षरांचा ढीग. म्हणून जुने यंत्र देऊन टाकण्यापूर्वी त्यातला फॉन्टांचा संपूर्ण फोल्डर नकलून घ्यावा, कोणती फाइल कोणत्या फॉन्टात आहे ते कागदावर लिहून ठेवावे, आणि परिवर्तकाने युनिकोडमध्ये उतरवलेला मजकूर मूळ छापील प्रतीशी ओळीने ताडून पाहावा. जोडाक्षरे आणि रफार येथे परिवर्तक हमखास चुकतात, आणि खातेदाराच्या नावातला रफार गेला तर तो परत मिळवायला त्याला तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो.